कीबोर्ड बंद पडल्यावर उघडलं जाणारं पान: ‘ऑटोअ‍ॅडडिव्हायसेस’बद्दल काय लिहावं

हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात संगणक लॅब सांभाळणाऱ्या तरुण मित्राचा प्रश्न आहे. लॅबमधल्या लिनक्स मशीनवर एक्सऑर्ग हा डिस्प्ले सर्व्हर चालतो. कीबोर्ड, माउस वगैरे आपोआप ओळखण्याच्या त्यातल्या दोन सेटिंग्ज आहेत, ‘ऑटोअ‍ॅडडिव्हायसेस’ आणि ‘ऑटोएनेबलडिव्हायसेस’. त्यांच्यावर त्याला लॅब सहायकांसाठी मराठीत एक पान लिहायचं आहे. "मॅन पेजवर, त्या इंग्रजी मदतपानावर, दोन्ही मिळून चारेक ओळी आहेत, भाऊ. त्यांचं सरळ मराठी करून टाकू, की अजून काही लिहावं लागते?"

मी नागपुरात गेली १८ वर्षं दुकानं, दवाखाने आणि लॅबमधली लिनक्स मशीन बसवतो आणि त्यांच्यासोबत द्यायची पानंही लिहितो. नुसत्या भाषांतरानं भागणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅन पेजमध्ये चूक काहीच नाही. ‘ऑटोअ‍ॅडडिव्हायसेस’ बंद असेल तर यूडेव्हकडून, म्हणजे लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून, आलेली उपकरणं जोडली जात नाहीत, एरवी ही सेटिंग चालू असते, एवढं ते सांगतं आणि ते खरं आहे. पण ही सेटिंग चालू असेपर्यंत ते पान उघडायची कोणाला गरजच पडत नाही. कोणीतरी ती बंद करून गेलेलं असतं, समोरचा कीबोर्ड दाद देत नसतो, आणि बिचारा सहायक मोबाइलवर पान वाचत उभा असतो. तुमचा वाचक तो आहे. म्हणून बंद केल्यावर काय काय होतं ते लिहा, आणि परत कसं यायचं ते त्याच्याही आधी लिहा.

(इथे सगळी नावं मी देवनागरीत लिहितोय. एक्सऑर्गच्या सेटिंग्जच्या फाईलमध्ये ती रोमनमध्येच टाकायची. स्पेलिंग मॅन पेजवरूनच उचला, आठवणीवर विसंबू नका.)

धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमधली गोष्ट सांगतो. नोंदणीच्या टेबलावर एक मशीन, त्याला टचस्क्रीनचा मॉनिटर, आणि नमुन्याच्या ट्यूबवरचा बारकोड वाचणारा यूएसबी स्कॅनर. बारकोड स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीनं साधा कीबोर्डच असतो. आकडे वाचतो, भराभर टाइप करतो, शेवटी एंटर दाबतो. मे महिन्यात ती टचस्क्रीन बिघडली. कोणी हात न लावताही बटणं दाबली जायची. कुणा तंत्रज्ञानं येऊन ‘ऑटोअ‍ॅडडिव्हायसेस’ बंद केलं, कीबोर्ड, माउस आणि स्कॅनर फाईलमध्ये हातानं लिहिले, टचस्क्रीन वगळली. काम झालं. चार महिने सगळं ठीक चाललं.

मग एके दिवशी सकाळी, उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची रांग लागलेली असताना, स्कॅनरच्या वायरला कोणाचा तरी पाय लागला. वायर निघाली, लगेच परत लावली. स्कॅनरचा लाल दिवा लागतोय, ट्यूब समोर धरली की बीप वाजतोय, पण पडद्यावर आकडा उमटत नाही. फोन आला, "स्कॅनर वाचून राहिला भाऊ, पण कम्प्युटर घेऊन नाही राहिला." मी पोहोचेपर्यंत त्यांनी सदरहून नवा स्कॅनर आणला होता. तोही तसाच मुका.

मी दुसऱ्या मशीनवरून आत शिरून सर्व्हरचा लॉग उघडला. उत्तर तिथे लागोपाठच्या दोन ओळींत होतं. पहिली ओळ, ‘कॉन्फिग/यूडेव्ह: अ‍ॅडिंग इनपुट डिव्हाइस’, पुढे स्कॅनरचं नाव आणि त्याचा ‘/डेव्ह/इनपुट/इव्हेंट’वाला पत्ता. लगेच खाली, ‘ऑटोअ‍ॅडडिव्हायसेस इज ऑफ - नॉट अ‍ॅडिंग डिव्हाइस’. म्हणजे सर्व्हरला स्कॅनर आल्याचं कळलं होतं. त्यानं त्याला आत घेतलं नाही, एवढंच. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या पानावर या सेटिंगपुढे लिहिलेलं होतं, ‘उपकरणं आपोआप जोडायची की नाही’. ते वाक्य माझं होतं. बरोबर होतं, आणि त्या सकाळी ते कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं.

तेव्हापासून मी या पानात, परतीचे रस्ते सांगून झाले की, यंत्रणा समजावतो, कारण ती समजली की बाकीचं वाचणाऱ्याला स्वतःलाच जुळवता येतं. वायर लावली की आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या उपकरणासाठी ‘इव्हेंट’ फाईल तयार करतं. मग यूडेव्ह त्याची तपासणी करून त्यावर चिठ्ठ्या लावतो, हा कीबोर्ड, हा माउस, हा टचपॅड, ही टचस्क्रीन. मग तो एक्सऑर्गला निरोप देतो. निरोप कोणाकडून आला हे सर्व्हर बघतो, आणि ‘ऑटोअ‍ॅडडिव्हायसेस’चा प्रश्न इथे, फक्त इथे येतो. सेटिंग बंद असेल तर यूडेव्हचा निरोप तिथेच परत फिरतो. चालू असेल तर ‘इनपुटक्लास’चे, म्हणजे उपकरणाचं नाव किंवा प्रकार बघून लागू होणारे फाईलमधले नियम लागू होतात, ड्रायव्हर ठरतो, आजकाल बहुधा लिबइनपुट, आणि उपकरण सुरू होतं.

या एका गोष्टीवर पानात भर द्या: सेटिंग उपकरणाला अडवत नाही, यूडेव्हच्या निरोपाला अडवते. म्हणून फाईलमध्ये ‘इनपुटडिव्हाइस’ म्हणून हातानं लिहिलेली उपकरणं सेटिंग बंद असतानाही चालतात. आणि म्हणूनच त्यांतलं एखादं निघालं तर ते पुन्हा लावून परत येत नाही. पहिल्यांदा ते फाईलच्या दारानं आलं होतं. ते दार सर्व्हर सुरू होताना एकदाच उघडतं. दुसऱ्यांदा ते यूडेव्हच्या दाराशी येतं, आणि ते तर आपणच बंद करून ठेवलंय. धंतोलीतला जुना स्कॅनर, नवा स्कॅनर, दोघांचं हेच झालं.

आता सेटिंग बंद करून हातानं एकही उपकरण लिहिलं नाही तर काय होतं? सर्व्हर स्वतःहून ‘केबीडी’ आणि ‘माउस’ हे जुने ड्रायव्हर शोधायला जातो. आजच्या लिनक्सवर ते बहुतेक ठिकाणी बसवलेलेच नसतात. लॉगमध्ये ‘फेल्ड टू लोड मॉड्यूल’ अशी एररची ओळ येते, आणि पडद्यावर छान लॉगिनची खिडकी दिसते, जिच्यात काहीही टाइप होत नाही. सहायकाला वाटतं मशीन हँग झालं. झालेलं नसतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून टर्मिनलवर जावं म्हटलं तर तेही होत नाही, कारण ग्राफिक्स चालू असताना ती कळ ओळखणंही एक्सऑर्गचंच काम, आणि त्याच्याकडे कीबोर्डच नाही. हे वाक्य पानात जसंच्या तसं घाला. ‘कंट्रोल-ऑल्ट-एफ२ चालत नाही’ एवढं वाचलं तरी माणूस घाबरायचा थांबतो आणि पुढच्या उपायाकडे वळतो.

परतीचे रस्ते दोन लिहा. पहिला, दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करून, म्हणजे नेटवर्कवरून, आत जायचं, आपली फाईल बाजूला सरकवायची, डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनची खिडकी दाखवणारा प्रोग्राम) पुन्हा सुरू करायचा. दुसरा, मशीन रीस्टार्ट करून ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कोणती सिस्टम उघडायची ते विचारणाऱ्या, यादीवर थांबायचं. तिथे कीबोर्ड चालतो, कारण अजून एक्सऑर्गचा संबंधच आलेला नसतो. कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘सिस्टमडी.युनिट=मल्टी-यूजर.टार्गेट’ जोडायचं, म्हणजे ग्राफिक्सशिवाय मशीन उघडतं, आणि फाईल दुरुस्त करता येते. हे दोन्ही रस्ते पानाच्या वरच्या अर्ध्या भागात हवेत. खाली, ‘अडचणी आल्यास’ असल्या शीर्षकाखाली नकोत. मोबाइलवर वाचणारा माणूस तिथपर्यंत पोहोचत नाही.

‘ऑटोएनेबलडिव्हायसेस’चा अर्थ भाषांतरात हमखास घसरतो, कारण ‘जोडणं’ आणि ‘चालू करणं’ हे मराठीत बोलताना आपण एकच धरतो. ही सेटिंग बंद असली तर उपकरण सर्व्हरच्या यादीत येतं, पण सुरू होत नाही. आल्याची वर्दी मात्र चालू प्रोग्रामांना मिळते, आणि कोणाला चालू करायचं ते त्यांच्यावर सोडलेलं असतं. मी पानात असं लिहितो: ‘पाहुणा दारातून आत आलाय, बैठकीत उभा आहे, पण बसा म्हणेपर्यंत बोलणार नाही.’ बसा म्हणायचं काम ‘एक्सइनपुट एनेबल’ ही कमांड करते, पुढे उपकरणाचं नाव किंवा यादीतला क्रमांक द्यायचा. फरक डोळ्यांनी बघायचा तर ‘एक्सइनपुट लिस्ट’ चालवा. ‘ऑटोअ‍ॅड’ बंद असताना उपकरण त्या यादीत नसतंच. ‘ऑटोएनेबल’ बंद असताना ते असतं, आणि ‘लिस्ट-प्रॉप्स’ मागितल्यावर त्याच्या ‘डिव्हाइस एनेबल्ड’पुढे शून्य दिसतो. त्याच यादीत ‘पॉवर बटन’ आणि ‘व्हिडिओ बस’ ही नावं कीबोर्ड म्हणून दिसतील. ते नेहमीचं आहे, एका ओळीत सांगून टाका, नाहीतर त्यावर हमखास फोन येतो.

ही दुसरी सेटिंग बंद करणार असाल तर लॉगिनच्या खिडकीचा विचार आधी करा. तिथे अजून कोणी वापरकर्ता नाही, त्याची स्क्रिप्टही नाही. मग कीबोर्डला बसा म्हणणार कोण? आपोआप लॉगिन होणाऱ्या किऑस्कवर, सत्र सुरू होताच ठरावीक उपकरणं चालू करणारी छोटी स्क्रिप्ट असेल, तरच मी ती वापरतो. शिकवायच्या लॅबमध्ये तिची गरज मला आजवर पडलेली नाही.

आणि मुळात ९० टक्के लोकांना या दोन सेटिंग्जना हात लावायचाच नसतो. त्यांना एकच उपकरण बंद करायचं असतं, धंतोलीच्या त्या टचस्क्रीनसारखं. त्यासाठी ‘इनपुटक्लास’ आहे, आणि हे पानात ठळक असलं पाहिजे. एक विभाग लिहायचा, त्याला ओळखीचं नाव द्यायचं, ‘मॅचप्रॉडक्ट’मध्ये उपकरणाच्या नावाचा तुकडा टाकायचा, आणि ‘इग्नोर’ हा ऑप्शन चालू करायचा. ‘मॅचप्रॉडक्ट’मध्ये लहान-मोठी अक्षरं जुळावी लागतात, म्हणून नाव लॉगमधून कॉपी करा. नाव भरवशाचं नसेल तर ‘मॅचयूएसबीआयडी’ वापरा. ‘एलएसयूएसबी’ या कमांडमध्ये दिसतो तोच चार-चार हेक्स अंकांचा, मधे कोलन असलेला क्रमांक. एका विभागात दोन अटी लिहिल्या तर दोन्ही जुळाव्या लागतात. उपकरण फक्त एका ठरावीक प्रोग्रामसाठी हवं असेल, समोरच्या खिडकीत त्याची अक्षरं पडायला नको असतील, तर ‘इग्नोर’ऐवजी ‘फ्लोटिंग’ ऑप्शन बघा. धंतोलीत मी सेटिंग काढून टाकली आणि टचस्क्रीनपुरता सात ओळींचा ‘इनपुटक्लास’ लिहिला. नंतर तीनदा वायर काढून लावून दाखवली. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या ताईंनीच लावली.

फाईल कुठे ठेवायची हेही लिहा. ‘/यूएसआर/शेअर’मधली ‘एक्सऑर्ग.कॉन्फ.डी’ डिरेक्टरी पॅकेजांची आहे. तिथे केलेला बदल पुढच्या अपडेटमध्ये पुसला जातो. आपली फाईल ‘/ईटीसी/एक्स११’खालच्या त्याच नावाच्या डिरेक्टरीत जाते. फाईली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात, नंतरची फाईल आधीच्या फाईलवर मात करते. लिबइनपुटची फाईल सहसा ४० पासून सुरू होते, म्हणून मी माझ्या फाईलींना ९० लावतो. दोन्ही ‘ऑटो’ सेटिंग्जची जागा ‘सर्व्हरफ्लॅग्ज’ विभागात आहे, पण ‘सर्व्हरलेआउट’मध्ये तीच सेटिंग लिहिली असेल तर तिचं चालतं. मी एकदा अख्खी दुपार ‘सर्व्हरफ्लॅग्ज’मध्ये चालू-बंद करत बसलो होतो, आणि खरी ओळ खाली ‘सर्व्हरलेआउट’मध्ये होती.

शोधतानाही एक खाचखळगा आहे. एक्सऑर्ग ऑप्शनच्या नावात लहान-मोठी अक्षरं, मोकळ्या जागा आणि अंडरस्कोअर यांच्याकडे लक्ष देत नाही. ‘ऑटो_अ‍ॅड_डिव्हायसेस’ असं लिहिलेलंही त्याला चालतं. नावाआधी ‘नो’ लावलं तर अर्थ उलटा होतो. त्यामुळे ‘नोऑटोअ‍ॅडडिव्हायसेस’पुढे ‘ऑन’ लिहिलेलं असेल तर प्रत्यक्षात सेटिंग बंद आहे. ग्रेप या शोधायच्या कमांडनं नेमकं नाव शोधणारा सहायक रिकाम्या हातानं परत येईल. म्हणून फाईलीऐवजी लॉगला विचारा, असंच मी पानात लिहितो. लॉगच्या सुरुवातीला ‘ऑटोमॅटिकली अ‍ॅडिंग डिव्हायसेस’ किंवा त्याआधी ‘नॉट’ असलेली ओळ असते. तिच्यापुढे (==) असेल तर ती मूळ स्थिती आहे, कोणी हात लावलेला नाही. (**) असेल तर कोणत्यातरी फाईलमधून आलंय, आता ती फाईल शोधा. लॉग ‘/व्हार/लॉग’मध्ये असतो, आणि सर्व्हर रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या, अधिकारांशिवाय चालत असेल तर वापरकर्त्याच्या होममध्ये ‘.लोकल/शेअर/एक्सऑर्ग’खाली. दोन्ही जागा लिहा.

हातानं उपकरणं लिहायचीच वेळ आली, तर पत्ता ‘इव्हेंट७’ असा देऊ नका. तो क्रमांक मशीन पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतो. ‘/डेव्ह/इनपुट/बाय-आयडी’मधला पत्ता घ्या. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन स्कॅनर असतील तर तिथे गोंधळ होऊ शकतो. मग ‘बाय-पाथ’ घ्या. तो यूएसबीच्या पोर्टला बांधलेला असतो, म्हणून पोर्टवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. आणि प्रत्येक ‘इनपुटडिव्हाइस’चं नाव ‘सर्व्हरलेआउट’मध्ये द्यायला विसरू नका.

आपल्याकडे मराठी टंकलेखन करणाऱ्यांसाठी एक वेगळा परिच्छेद हवाच. इनस्क्रिप्टचा लेआउट ‘सेटएक्सकेबीमॅप’ या कमांडनं लावलेला असेल आणि कीबोर्ड काढून पुन्हा लावला, तर सर्व्हरच्या दृष्टीनं तो नवा कीबोर्ड असतो. त्याला फाईलमधला लेआउट मिळतो, बहुधा इंग्रजी. ‘मराठी गायब झालं’ ही तक्रार येते ती यातूनच. ‘एक्सकेबीलेआउट’ ‘इनपुटक्लास’मध्ये, ‘मॅचइजकीबोर्ड’ची अट घालून लिहिलं, की प्रत्येक नव्यानं लावलेल्या कीबोर्डला तो आपोआप मिळतो. आपोआप ओळख चालू ठेवण्याचा हा रोजचा फायदा आहे.

जुन्या सल्ल्यांपासून सावध करा. आपोआप जोडणी एक्सऑर्ग १.४ मध्ये, २००७ साली आली, तेव्हा निरोप्याचं काम यूडेव्हऐवजी हॅल नावाचा प्रोग्राम करायचा आणि नियम एक्सएमएलच्या ‘एफडीआय’ फाईलींत लिहावे लागत. २०१० साली १.८ मध्ये यूडेव्ह आणि ‘इनपुटक्लास’ आले. मधल्या काळात ‘अलाऊएम्प्टीइनपुट’ नावाचा एक ऑप्शन होता. तो पुढे काढून टाकला, पण इंटरनेटवर त्याचा सल्ला अजून सापडतो. ‘हॉटप्लगिंग इज ऑन’ म्हणून सुरू होणारी आणि जुन्या ड्रायव्हरची उपकरणं बंद करतोय असं सांगणारी ताकीद लॉगमध्ये दिसली, तर ती बहुधा अशाच काळातल्या उचललेल्या फाईलमुळे असते. तो जुना भाग काढून टाका, सेटिंगला हात लावू नका.

एक्सऑर्गच्या जागी वेलँड ही नवी डिस्प्ले पद्धत असेल तर यातलं काहीही लागू नाही. तिथे एक्सऑर्गची फाईल कोणी वाचतच नाही, कंपोझिटर, म्हणजे तिथे पडदा सांभाळणारा प्रोग्राम, थेट लिबइनपुटशी बोलतो. ‘एक्सइनपुट लिस्ट’मध्ये ‘एक्सवेलँड-पॉइंटर’सारखी नावं दिसली की समजा. तिथे एखादं उपकरण वगळायचं तर यूडेव्हच्या नियमात ‘लिबइनपुट_इग्नोर_डिव्हाइस’ला १ द्यायचं. पानाच्या पहिल्याच ओळीत ‘एक्सडीजी_सेशन_टाइप’ (सत्र एक्सऑर्गचं की वेलँडचं ते सांगणारा व्हेरिएबल) तपासायला सांगा, म्हणजे चुकीचं पान वाचण्यात कोणाचा वेळ जाणार नाही.

पान लिहून झालं की एका मशीनवर खरोखर सेटिंग बंद करा. ज्यानं तुम्हाला लिहिताना पाहिलेलं नाही अशा सहायकाच्या मोबाइलवर पान पाठवा, आणि कीबोर्ड परत आणायला सांगा. तुम्ही मागे उभे राहा, बोलू नका. तो जिथे थांबेल ती ओळ पुन्हा लिहा. धंतोलीत आमचा मुलगा तिसऱ्याच ओळीला अडला. एसएसएचसाठी दिलेला आयपी पत्ता मधल्या काळात राउटरनं बदलला होता. आता तो पत्ता राउटरमध्ये त्या मशीनला बांधून ठेवलाय, आणि पानावर पत्त्यासोबत तो कधी तपासला ती तारीख आहे.